साडेपाचची यादी

पिराजी ओव्हाळ यांच्याकडे किती कुलपं होती याची नक्की मोजदाद साखर कारखान्यात कुणालाच नव्हती. टेबलाच्या तीन खणांना तीन, लोखंडी कपाटाला एक, कपाटातल्या पेटीला एक, सायकलीच्या साखळीला एक, आणि जेवणाच्या डब्यालासुद्धा एक बारकं पितळी कुलूप, असं लोक सांगत. डब्याचं खोटं होतं, बाकीचं खरं होतं. किल्ल्यांचा जुडगा कमरेच्या करदोड्याला बांधलेला असे, त्यामुळं आधी किल्ल्या ऐकू येत आणि मग पिराजी दिसत. वाहतूक खात्याचे मुख्य हिंमतराव साहेब त्यांच्या समोरच्याच टेबलावर बसत. ते कपाळाला हात लावून म्हणत, "ओव्हाळ, पाणी प्यायला जाताना तरी कुलूप लावू नका हो. आम्ही काय तुमच्या वह्या खातो?" पिराजी हसत, आणि कुलूप लावून जात.

या कुलपांमागं काय होतं ते त्यांनी कारखान्यात कधी कुणाला सांगितलं नाही. बाहत्तरच्या दुष्काळात ते अणदूरच्या बाजूला खडी फोडण्याच्या कामावर हजेरी कारकून होते. बौद्ध वस्तीतला पहिला मॅट्रिक माणूस, हातात हजेरीची वही, वस्तीला त्याचं केवढं कौतुक! एका दुपारी वही टेबलावर तशीच उघडी ठेवून ते पाणी प्यायला गेले. शनिवारी बाया मजुरीला आणि धान्याला उभ्या राहिल्या, तेव्हा वस्तीवरच्या चौदा बायांच्या नावांवर तांबडी रेघ ओढलेली निघाली. रेघ कुणी ओढली ते कधीच कळलं नाही. पिराजींनी परोपरीनं सांगितलं की या बाया आठ दिवस इथंच उन्हात खडी फोडत होत्या. पण वहीच्या पुढं त्यांच्या तोंडाला कोण विचारतो? त्या चौदांमध्ये हरणाबाई होती, नात्यानं त्यांची चुलती. ती रडली नाही, भांडली नाही. तिनं फक्त विचारलं, "मग आमी आठ दिस कुठं हुतो म्हन, पिराजी?"  पुढच्या बाजाराला त्यांनी पहिलं कुलूप विकत घेतलं.

पुढं कारखाना उभा राहिला तसे ते कारखान्यात कारकून लागले आणि वर्षभरात वाहतूक खात्यात स्थिरावले. शहाऐंशी साली कारखान्यात कॉम्प्युटर आला. जुन्या स्टोअरची एक खोली रंगवून, गारवा देणारी मशीन बसवून तयार केली होती. दारात चपला काढायच्या, हे कुणी न सांगताच ठरून गेलं. दसऱ्याला त्याला झेंडूचा हार घातला, समोर नारळ फोडला, आणि पाण्याचे शिंतोडे उडू नयेत म्हणून ऑपरेटर वीरप्पा हातात फडकं घेऊन मध्ये उभा राहिला. हा वीरप्पा उमरग्याकडचा, तिशीचा, दोन पोरांचा बाप. सोलापुरात कोर्स करून आला होता, आणि दिवसभर लोकांच्या शंका ऐकून त्याचा चेहरा कायमचा थकलेला असे.

त्या साली पाऊस गेला. ऊस वाळला, गाळप अर्ध्यावर बंद पडलं, आणि कारखान्यानं आपले ट्रॅक्टर टँकरला जुंपून सभासद गावांना पाणी पोचवायला सुरुवात केली. तेवीस गावांची यादी झाली. टँकर यायचा आणि गावच्या विहिरीत रिकामा व्हायचा. विहिरीवर वस्तीच्या बायांचा नंबर शेवटी, आणि तो लागेपर्यंत पोहऱ्यात गाळ यायचा. पिराजींनी दोन महिने अर्जामागून अर्ज घातले, संचालकांच्या दारात बसले, आणि पाच गावांतल्या पाच वस्त्यांसाठी, त्यात त्यांची स्वतःचीही आली, वेगळी खेप मंजूर करून घेतली. अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात त्यांना एवढा आनंद कशाचा झाला नसेल. मंजुरीचा कागद त्यांनी अर्थातच कुलपात ठेवला.

आता ही यादी कॉम्प्युटरमध्ये घालायची होती. गावांची मोठी यादी सगळ्या खात्याची होती. पाच वस्त्यांची पुरवणी यादी मात्र पिराजींनी, पुरवणीला वेगळी वही असते या जुन्या शिस्तीनं, आपल्या नावाखाली वेगळी ठेवायला लावली. रोज पहाटे साडेपाचला यंत्र आपणहून जागं होणार, दोन्ही याद्या एकत्र जोडणार आणि छापणार, ड्रायव्हरनं सहाला कागद घेऊन निघायचं, अशी व्यवस्था ठरली.

"पहाटे कोन आसतंय तिथं?" पिराजींनी विचारलं.

"कुणी नाही, भाऊसाहेब. ते स्वतःच करतंय."

"कुनाच्या हुकमानं?"

"तुमच्या. तुमच्या नावानं चालतंय ते काम."

"पर म्या तर तवा झोपल्याला आसतो."

"असा ना झोपलेले. तरी तुमच्याच नावानं."

पिराजींना हे काही केल्या पटेना. माणूस घरी घोरत पडला आहे आणि इकडं ऑफिसात त्याच्या नावानं काम चाललं आहे, सही नाही, हजेरी नाही, हा कुठला कारभार? बाहत्तर सालीही त्यांच्या वहीत त्यांच्या माघारीच काम झालं होतं. दोन दिवस त्यांनी कळ काढली. तिसऱ्या दिवशी चारला उठले, सायकल काढली आणि साडेपाचच्या आत त्या गार खोलीत अनवाणी जाऊन खुर्चीवर बसले. प्रिंटर करकरायला लागला तसे उठून उभे राहिले. कागद बाहेर आला, त्यांनी नावं तपासली, खाली सही केली आणि मग त्यांना बरं वाटलं. पंधरा दिवस ते असेच जात राहिले. शेवटी बायको जाईबाई म्हणाली, "आवो, यंत्र चुकत न्हाय म्हनता, आन् त्याची राखन करायला जाता. मग त्ये यंत्र कशाला आनलंय?"  मग जाणं थांबलं, पण साडेपाचला जाग यायची ती यायचीच.

त्याच सुमाराला वीरप्पानं त्यांना तीन प्रश्न विचारले होते. या पुरवणी यादीला कोण वाचणार, कोण त्यात लिहिणार, आणि ती कामाला कोण लावणार? तुम्ही एकटे, तुमच्या खात्यातले सगळे, की कारखान्यातलं कुणीही?

"म्या एकटा," पिराजी म्हणाले.

"लिहायला एकटे, ते बरोबर. पण वाचायला तरी खात्याला द्या. हिंमतराव साहेबांना लागली कधी तर?"

"तिन्हीला म्या एकटा."

वीरप्पानं खांदे उडवले आणि पटापट चार बटणं दाबली. कुलूप लागल्याचा आवाज झाला नाही. पिराजींनी दोनदा विचारून खात्री केली, की लागलं ना.

सत्त्याऐंशीच्या तीस एप्रिलला पिराजी निवृत्त झाले. निरोपसमारंभ झाला, शाल-नारळ झाला, फेटा बांधला. हिंमतराव साहेब भाषणात म्हणाले की या माणसानं कारखान्याची एक टाचणी इकडची तिकडं होऊ दिली नाही. लोक टाळ्या वाजवत होते आणि पिराजींचं लक्ष चार्ज यादीत होतं. कुठलं कपाट, कुठली वही, कुठला शिक्का, आणि लोकांच्या मोजणीपेक्षा जास्तच निघालेल्या अकरा कुलपांच्या अकरा किल्ल्या, प्रत्येकीला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली. एकेक किल्ली हिंमतरावांच्या हातावर ठेवून त्यांनी सही घेतली. मग ते थेट कॉम्प्युटरच्या खोलीत गेले आणि वीरप्पाला म्हणाले, "माजं नावबी काडा आता यातलं."

"राहू द्या की पंधरा दिवस. काय बिघडतंय?"

"न्हाय, न्हाय. रिटायर मानसाचं नाव आत ऱ्हायलं तर उद्या कुनीबी म्हनंल, ओव्हाळचा हात आजून कारखान्यात हाय. आजच्या आज काडा."

वीरप्पानं नाव बंद केलं. साडेपाचचं काम कुणाच्या तरी नावानं चालायला हवं म्हणून ते हिंमतराव साहेबांच्या नावावर चढवलं आणि तसं पिराजींना सांगितलंही. पिराजींनी मान डोलावली. एक कुलूप मात्र दोघांच्याही ध्यानात आलं नाही. त्याला किल्ली नव्हती, म्हणून ते चार्ज यादीत आलंच नाही.

एक मेला टँकर वस्तीवर आला नाही. महाराष्ट्र दिन आहे, सुट्टी असेल, असं लोकांनी धरलं. दोन तारखेला ट्रॅक्टर बिघडला असेल असं धरलं. तीन तारखेला गावच्या विहिरीत टँकर ओतताना पोरांनी स्वतः पाहिला. जाईबाई आणि हरणाबाई दोन मैलांवरच्या मळ्यातून पाणी घेऊन आल्या, तेव्हा हरणाबाईच्या पायाला फोड आले होते. ती सत्तरीची बाई पिराजींच्या दारातच बसली आणि म्हणाली, "पिराजी, तू घरी बसलास तर पानीबी घरी बसलं का रं?"

ते रात्रभर तळमळले. त्यांच्या डोळ्यांपुढं पुन्हा ती तांबडी रेघ आली. यादी बंद नव्हती, मोठ्या गावांना पाणी येत होतं. म्हणजे कुणीतरी पाच नावं कापली. आणि काम आता चालत होतं कुणाच्या नावानं? हिंमतरावांच्या. बारा वर्षं समोर बसून हसणारा माणूस आपली पाठ वळायचीच वाट पाहत होता तर! पिराजींना इतका संताप आला की सकाळी चहा न घेताच त्यांनी सायकल काढली.

गेटवर पहारेकऱ्यानं त्यांना अडवलं. ओळखीचाच माणूस, पण नियम तो नियम, बाहेरच्या माणसानं वहीत नाव लिहायचं. 'कोणाकडे काम' या रकान्यात पिराजींनी 'हिंमतराव' एवढंच लिहिलं, साहेब लिहिलं नाही.

"नावं का कापली?" त्यांनी उभ्या उभ्याच विचारलं.

"कुठली नावं?"

"वस्तीची. पाचीच्या पाची."

हिंमतराव चष्मा काढून त्यांच्याकडे बघत राहिले. "ओव्हाळ, त्या यंत्राला मी आजपर्यंत बोट लावलेलं नाही. ते चालू कुठून करतात तेसुद्धा मला माहीत नाही. मी काय कापणार?"

"काम तर तुमच्या नावानं चालतंय."

"माझ्या नावानं?" ते खुर्चीतून अर्धे उठले. "मी तर साडेपाचला झोपलेला असतो!"

हे वाक्य पिराजींनी स्वतःच कधीतरी म्हटलं होतं, त्यामुळं त्यांची गाडी तिथंच अडखळली. ड्रायव्हर बलभीमला बोलावलं. त्यानं चार दिवसांचे, रोज पहिल्या खेपेनंतर डिझेलसाठी हिंमतरावांची सही झालेले, चार कागद काढून दाखवले. "भाऊसाहेब, कागदात गाव न्हाय तर डिझेल न्हाय. म्या काय करू? मला वाटलं, तुमी गेल्यावर वरूनच बंद केलं आसंल." कागदांवर कुठं खाडाखोड नव्हती, रेघ नव्हती. तेवीस गावं स्वच्छ छापलेली, आणि त्याखाली, जिथं पाच वस्त्या यायच्या, तिथं कोरा कागद. कापलं कुणीच नाही आणि नावं तर गेली, हे कोडं कुणाला सुटेना. बलभीमला परत धाडून, कागद घेऊन पिराजी आणि हिंमतराव चपला काढून गार खोलीत वीरप्पाकडे गेले.

वीरप्पानं यंत्राला विचारलं. त्यानं हिंमतराव साहेबांचं नाव घालून आत बघितलं, तर आत चार चिठ्ठ्या पडलेल्या, चार दिवसांच्या, रोज पहाटे साडेपाचला टाकलेल्या. यंत्र ज्याच्या नावानं काम करतं त्यालाच अडचण कळवतं, आणि ज्याला कळवलं त्यानं ते कधी उघडलंच नव्हतं. चारी चिठ्ठ्यांत मजकूर एकच, परमिशन डिनाइड. पुरवणी यादी वाचण्याची या माणसाला परवानगी नाही.

"परवानगी कुनी न्हाय दिली?" पिराजींनी विचारलं. आवाज अजून चढलेलाच होता.

वीरप्पा त्यांच्याकडे वळून म्हणाला, "तुम्ही, भाऊसाहेब. तिन्हीला एकटा, म्हणाला होता. ते कुलूप अजून तसंच आहे. तुमचं नाव गेलं, कुलूप राहिलं."

 पिराजींना प्रथम नीट कळलंच नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, मग पुन्हा एकदा विचारलं. चोर शोधायला निघालेला माणूस आपल्याच दारात येऊन उभा होता. चार दिवस, पाच वस्त्या, आणि ते हरणाबाईचे पाय. कुणी वैऱ्यानं नाही, आपण केलं हे! त्यांना रडू आवरेना, आणि फेटा बांधून निरोप घेतलेल्या ऑफिसात चौथ्याच दिवशी रडण्याची लाजही वाटेना. मग बाहत्तरची ती वही, ती तांबडी रेघ, सगळं त्यांनी त्या दोघांना सांगून टाकलं.

 हिंमतराव म्हणाले, "बारा वर्षं तुम्ही माझ्या तोंडासमोर कुलूप लावत होता, ओव्हाळ. मी हसण्यावारी न्यायचो. पण दर वेळी लागायचं मला."

"तुमचंबी एक हाय, सायेब," पिराजी डोळे पुसत म्हणाले. "चार दिस पाच वस्त्या कागदात न्हवत्या. तुमी रोज सही केली. दिसलं न्हाय तुमाला?"

हिंमतरावांनी ते कागद पुन्हा हातात घेतले. चारीवर त्यांची सही होती. "नाही दिसलं," ते म्हणाले.

यंत्राचा कारभारी म्हणून वीरप्पाला सगळी कुलपं उघडता येत होती. त्यानं ते उघडलं आणि तेच तीन प्रश्न पुन्हा विचारले. कोण वाचणार? पिराजी म्हणाले, "सगळे. कारखान्यातलं कुनीबी. आन् छापून गेटवर लावा, एकेक कागद वस्तीवर ड्रायव्हरबरोबर धाडा." कोण लिहिणार?  त्यांनी हिंमतरावांकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. "सायेब लिवतील," ते म्हणाले. "खाडाखोड झाली तर आता समद्यांना दिसंल."

राहिला तिसरा. काम कुणाच्या नावानं चालवायचं? वीरप्पा म्हणाला, "माणसाचं नाव नकोच. माणूस आज आहे, उद्या बदली, परवा रिटायर. कामाचंच एक नाव तयार करतो. आठ अक्षरांच्या आत हवं. टँकर ठेवू?"

"हरना ठेवा."

"कोण हरणा?"

"आमच्या वस्तीवरली काकू हाय. तिचं नाव एकदा कापलं गेलंय. आता पुन्यांदा कापायचं न्हाय."

ते कारखान्याच्या शिस्तीत कुठंच बसत नव्हतं. वीरप्पानं हिंमतरावांकडे बघितलं. हिंमतराव म्हणाले, "ठेव. कागदाच्या तळालाही छाप."

त्या दिवशी दुपारीच एक जादा खेप निघाली. दुसऱ्या सकाळी बलभीम टँकर घेऊन वस्तीवर आला तेव्हा त्याच्या हातात ताजा कागद होता. अक्षरं इंग्रजी, म्हणून पिराजींनी तो घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठ्यानं वाचला, तेवीस गावं आणि खाली पाच वस्त्या. मग लपवण्यात अर्थ नव्हता, म्हणून सांगून टाकलं की पाणी कुणी अडवलं नव्हतं, कुलूप माझंच होतं.

हरणाबाई घागर भरत होती. ती थांबली. "तवा कुलूप न्हवतं म्हून उपाशी ऱ्हायलो," ती म्हणाली, "आन् आता कुलूप हुतं म्हून तानेले. बाबा, आमी तुज्या कुलपाचं करावं तरी काय?"

 पिराजी कागदाच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "काकू, हितं तुमचं नाव हाय. रोज सकाळी साडेपाचला ह्ये काम तुमच्या नावानं हुतंय."

"माज्या? म्या तर तवा झोपल्याली आसते."

"व्हय. म्याबी ह्येच इचारलं हुतं."

"मग काम कोन करतंय?"

"यंत्र."

"आन् नाव माजं."

"तुमचं."

हरणाबाईनं तो कागद हातात घेतला. अक्षर ओळखत नव्हती, तरी त्या ओळीवरून तिनं अंगठा फिरवला. चेहऱ्यावर पुरता गोंधळ होता. "म्हंजे त्या टायमाला म्या तितं हुते, आसं कागद म्हनतोय," ती सावकाश म्हणाली.

"आसंच म्हनतोय," पिराजी म्हणाले.

तिनं कागद घडी करून कनवटीला लावला आणि घागर उचलली. दुसऱ्या दिवशी साडेपाचला पिराजींना नेहमीप्रमाणं जाग आली, ते बाहेर आले, तर समोरच्या दारात हरणाबाई लुगडं नीट नेसून, पाय पोटाशी घेऊन कारखान्याच्या दिशेला तोंड करून बसली होती.